चिलुंबुंगची अठरा खाचरं

कापडी पिशव्या अठरा. प्रत्येकीत साधारण अर्धा किलो माती, वाळलेली, विटकरी रंगाची. प्रत्येकीला पुठ्ठ्याचं लेबल, त्यावर एक ते अठरा आकडे. एक म्हणजे डोंगरउताराच्या माथ्यावरचं खाचर, अठरा म्हणजे ओढ्याकाठचं. सोबत हाताने काढलेला नकाशा. सातव्या पिशवीत मातीखेरीज भाताच्या काडीचे तीन तुकडे.

स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर मी ज्या माती-तपासणी लॅबमध्ये काम करत होते ती लहान होती, पण परदेशातली माती ठेवायचा परवाना तिच्याकडे होता. म्हणून इंद्रजितदादाने हे काम आमच्याकडे आणलं. इंद्रजितदादा माझा चुलतभाऊ, ब्रॅकनेलला एका सॉफ्टवेअर कंपनीत. २००७च्या मार्चमध्ये तो नोकरी सोडायच्या बेतात होता. जावा बेटाच्या पश्चिम भागात चिलुंबुंग नावाचं खेडं आहे. तिथली ही खाचरं तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेऊन सागाची लागवड करायची, असं त्याने ठरवलं होतं. व्यवहार क्रॉयडनचा एजंट पद्माकर जमवत होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गावातली तरुण माणसं कारखान्यांत गेली होती आणि आठ वर्षांत त्या जमिनीला कुणी हात लावला नव्हता.

"खाचर काय म्हणतेस? बांधी म्हण," दादा हसत म्हणाला. "भंडाऱ्याची ना तू?"

मी त्याच्याकडे ब्रॅकनेलला जेवायला गेले होते.

"आजोबा जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत वाकून राबले," तो म्हणाला. "आपल्या घरात सातबारा कुणी पाहिला होता? आता बघ."

"ह्याला सातबारा नाही म्हणत, दादा. परदेशी माणसाला तिथे मालकी मिळत नाही. हा भाडेपट्टा आहे."

"तू सायंटिस्ट आहेस की सॉलिसिटर? मला एवढंच सांग, तिथे कुणी शेती करतंय का. करत असेल तर मी हात लावणार नाही. कसणाऱ्याला उठवून आपण बसायचं, हे आपल्याला शोभत नाही."

"तू नीट तपास गं, सुप्रभा," कल्याणीवहिनी पोळी वाढत म्हणाल्या. "हा आत्तापासून मळ्यात घालायच्या हॅट बघतोय ऑनलाइन."

आधी मी काड्या भिंगाखाली धरल्या. विळ्याने भात कापतात तेव्हा बुंध्याशी कापतात. ह्या काड्या लोंबीच्या जरा खाली कापलेल्या होत्या, एकेक, स्वच्छ. वाचल्यावर कळलं की त्या भागात काही ठिकाणी बायका तळहातात लपेल एवढं पातं घेऊन एकेक लोंबी कापतात. पातं दिसलं तर भात घाबरतो, असं मानतात. आठ वर्षं मातीत पडलेली काडी कुजून जायला हवी. ह्या पिवळ्या आणि चकचकीत होत्या.

मी पद्माकरला फोन केला.

"मॅडम, पिशव्या गावातूनच मागून आणल्या," तो म्हणाला. "आधी भात भरलेला असेल त्यांत. तुम्ही माती बघा, पिशवी कशाला बघता?"

हे शक्य होतं. मी तसं लिहून ठेवलं.

मग नेहमीची पद्धत. माती चाळली, प्रत्येक नमुन्यातली दहा ग्रॅम ॲल्युमिनियमच्या डबीत घेतली, एकशे पाच अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवली. एकोणिसाव्या डबीत तुलनेसाठी लॅबमागच्या मैदानातली माती. सगळ्या डब्या डेसिकेटरमध्ये ठेवल्या. डेसिकेटर म्हणजे घट्ट झाकणाचं काचेचं भांडं. तळाशी ओल शोषणारे खडे असतात. आत ठेवलेली वस्तू दमट होऊ शकत नाही.

दुसऱ्या सकाळी पहिल्या डबीचं वजन वाढलेलं होतं. बाकीच्यांचं नाही. तराजू तपासला, प्रमाणित वजनं ठेवून पाहिली, डबी बदलली, माती पुन्हा वाळवली. पुढच्या सकाळी पहिली आणि दुसरी. मग तिसरी. मैदानातली माती होती तशीच. मी वाळवत होते आणि ओल परत येत होती, दर वेळी एक डबी पुढे. डब्या मी टेबलावर नकाशाप्रमाणे मांडल्या तेव्हा ते स्पष्ट दिसलं. पाणी माथ्यावरून खाली सोडलेलं होतं. वरचं खाचर भरलं की बांधाला खाच पाडून खालच्यात सोडतात, तसं.

कुणाला सांगावं असं हे नव्हतं. दादाला मात्र सांगायलाच हवं होतं.

तो दुपारी ऑफिसातून थेट आला. पांढरा कोट चढवून टेबलापाशी उभा राहिला आणि मी काही म्हणायच्या आत त्याने चौथी डबी उघडून नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरली.

"रोवणी," तो म्हणाला.

"काय?"

"भात लावतानाच्या चिखलाचा, रोवणीचा वास आहे हा. आजोबांच्या धोतराला यायचा." त्याने डबी हळूच खाली ठेवली, झाकण लावलं. "हे कशामुळे होतं, सांग ना. काहीतरी कारण असेल. केमिकल वगैरे."

"कारण मला माहीत नाही. मोजलं तेवढं सांगू शकते."

"म्हणजे खात्री नाही."

"काड्यांची आहे. पिशवीतून आल्या असल्या तरी त्या गावात नुकतंच भात कापलंय, दादा. तुला माझं मत हवं असेल तर, तिथे माणसं आहेत."

त्याने कोट काढून खुंटीला लावला. "बावा, एवढं ठरवून झाल्यावर!" म्हणाला. हसायचा प्रयत्न केला त्याने.

मी अहवालात दोन्ही गोष्टी लिहिल्या, काड्या आणि वजनं. पद्माकरने दादाला सांगितलं की मॅडमचा ओव्हन बिघडलाय, असं होतं लहान लॅबमध्ये. शुक्रवारी क्रॉयडनला जाऊन दादाने सही केली. संध्याकाळी त्याने मला फोन करून तसं सांगितलं आणि लगेच क्रिकेटचं काहीतरी बोलायला लागला.

सोमवारी लॅबमध्ये अठराही डब्या कोरड्या होत्या. ओव्हनमधून काढल्या तेव्हा जितक्या होत्या तितक्याच.

दोन आठवड्यांनी कल्याणीवहिनींचा फोन आला. "सुप्रभा, तुझ्याकडे ओल मोजायचं काही असतं का गं? जिना भिजतोय. प्लंबर दोनदा येऊन गेला. म्हणतो जिन्यात पाइपच नाही."

मी गेले तेव्हा दादा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून जिन्याखाली उभा होता. वहिनींनी कार्पेटवर वर्तमानपत्रं अंथरली होती. वरच्या पायऱ्यांवरची पार लगदा झाली होती. छत कोरडं. भिंती कोरड्या.

"वरच्या पायरीपासून सुरू झालं," वहिनी म्हणाल्या. "रोज एक पायरी खाली येतंय. आज शेवटची."

"पद्माकरशी बोललास?" मी दादाला विचारलं.

"बोललो. काम सुरू झालंय म्हणाला. तिथला पाट बुजवला. जमीन आता कोरडी ठणठणीत आहे."

"कुठला पाट?"

त्याने पँटची दुमड आणखी वर ओढली.

"आठ वर्षं जमीन पडून होती ना? मग पाट वाहता कसा होता? कुणाचा होता तो, दादा?"

"तू मोजायला आलीस ना?" तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मग मोज."

वहिनींनी कात्री आणून दिली. मी सर्वांत खालच्या पायरीवरच्या कार्पेटचा तळहाताएवढा तुकडा कापला, झाकणाच्या डब्यात बंद केला आणि लॅबमध्ये नेऊन एकशे पाच अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवला. मग पांढऱ्या कागदावर धरून झटकला.

कागदावर पडलेली चिकणमाती, विटकरी: १.८७ ग्रॅम.