रिकाम्या पोटाने पाहिलेलं धुराडं

मित्रांनो, मी एक जुना फिल्मचा कॅमेरा आहे. पोलंडमधल्या वुच शहरात, चित्रपटाच्या शाळेत, लाकडी जिन्याखाली माझा मुक्काम असतो. अंगाला पोचे आले आहेत, पण काच अजून शाबूत आहे बरं का!

आज जिच्या चित्रपटांना लोक उभं राहून टाळ्या वाजवतात, ती लुदोमिरा याच जिन्यावर बसून पाव खायची. त्या काळी फिल्म मोजूनमापून मिळे. म्हणून आमच्याकडची रीत अशी, की माझं पोट रिकामं ठेवून पुन्हा पुन्हा तालीम करायची आणि मग फिल्म भरून एकदाच चित्रण. लुदोमिराला तर तालमीचं भारीच वेड. मी उपाशीपोटी घरघरत राही आणि तिचा कॅमेरामन यारेमा कपाळाला हात लावी.

शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी तिने आपल्या आईवर चित्रपट करायला घेतला. तेओफिलाबाईंची उभी हयात कापडगिरणीत गेली होती. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कानही गेले होते. आता गिरणी बंद पडली होती आणि तिचं उंच धुराडं सुरुंग लावून पाडणार होते. तोच चित्रपटाचा शेवट ठरला. धुराडं काही दोनदा पडणार नव्हतं.

त्या सकाळी कडाक्याच्या थंडीत आमची तालीम संपता संपेना.

"अगं, पुरे की आता!" तेओफिलाबाई ओरडूनच बोलायच्या. "ते धुराडं कंटाळून आपणहून पडेल!"

"आई, तू नुसती तिकडे बघ," लुदोमिराने हातांनी खुणावलं.

भोंगा झाला. मी सुरू झालो. जमीन हादरली. ते अवाढव्य धुराडं कमरेत वाकलं, जरा थबकलं आणि धुळीत बसलं. काय सांगू तुम्हाला! इतकं भव्य दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं.

यारेमाने माझं झाकण उघडलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"लुदोमिरा... तालमीच्या नादात फिल्म भरायचीच राहिली गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता ही त्याला फाडून खाणार. पण ती आईकडे बघत होती. तेओफिलाबाई अजून मान वर करून रिकाम्या आभाळाकडे टक लावून उभ्या होत्या.

"भर," ती हळूच म्हणाली. "बोलू नकोस. भर आणि आईकडे वळव."

मी वळलो. तेओफिलाबाईंच्या चेहऱ्यावर धूळ बसत होती. मग त्यांची नजर आभाळातून सावकाश खाली उतरली, आणि त्या नजरेत मला धुराडं दुसऱ्यांदा पडताना दिसलं. मी थक्क झालो. या दृश्याची तालीम कुणीच केली नव्हती.

पुढे लुदोमिराने कितीतरी चित्रपट केले, देशोदेशीचे मान मिळवले. लोक म्हणतात, माणसाचा चेहरा दाखवावा तर तिनेच. ती कला तिला कुठे सापडली, ते मी पाहिलं आहे.

नवी यंत्रं आली, मी अडगळीत पडलो. मला भंगारात द्यायचं घाटत होतं, तेवढ्यात गेल्या शरद ऋतूत ती काठी टेकत आली. सोबत म्हातारा यारेमा. आल्या आल्या तिने माझं झाकण उघडलं.

"बघ रे, आजही रिकामाच!"

"मरेपर्यंत ऐकवणार आहेस का मला?"

"मग! तुझ्या त्या चुकीवरच तर नाव कमावलंय मी."

ती हसली. मग आईची जुनी शाल गळ्यातून काढून तिने माझी काच पुसली आणि बराच वेळ तिच्यावर हात ठेवून उभी राहिली. भंगाराची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यावरची धूळ एकदा तरी पुसा. तिने काय काय पाहिलंय, कुणास ठाऊक! त्या सकाळच्या आम्हा चौघांपैकी आता तिघंच उरलो आहोत.