त्यांना बरं करू नका

दवाखान्याच्या बाकावर घाईसाहेब बसलेले दिसले आणि पहिला विचार मनात आला तो हा, की या माणसाला शरम कशी ती नाहीच.

घाईसाहेब हे आम्ही लाँड्रीतल्या बायकांनी सुपरवायझरला ठेवलेलं नाव. वाफेच्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरची तापलेली पाटी खाली येते, म्हणजे हात आत राहायला नको. त्यांनी एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून टाकलं. एक हात मोकळा राहतो, त्याने चादर सरकवा, म्हणे. त्या पाटीखाली माझ्या नणंदेचा, वन्संचा, उजवा हात गेला. शेजारच्या प्रेसवर मी होते.

वन्सं आता डाव्या हाताने भाजी चिरतात आणि मला चिडवतात, "हात माझा गेला, झोप तुझी उडाली. वाटणी बरी झाली." खोटं नाही. वाफेची फुसफुस ऐकवत नाही म्हणून कुकर तर मी घरातून हद्दपारच केलाय.

म्हणून डॉक्टरीणबाईंकडे येते. त्यांचं औषध विचित्र. डोळे मिटून तो दिवस सांगायचा. झाला असा नाही, आत्ता होतोय असा. काही गाळायचं नाही. फोनवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज ऐकायचं. आपण त्या दिवसापासून पळतो, म्हणून तो मागे लागतो, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात ओकले. आता सांगते, रडते आणि घरी जाऊन चक्क झोपते.

बाहेर थांब्यावर बसचं दार फुस्स करून उघडलं. मी दचकले. समोर घाईसाहेबही दचकले. तेव्हा कळलं ते कशाला आलेत. माझी कष्टाची झोप आता ह्यांनाही मिळणार!

आत गेल्या गेल्या मी म्हणाले, "बाहेर बसलेत ना, त्यांना बरं करू नका."

दुसऱ्या कोणाबद्दल आपण अक्षर बोलणार नाही, असं बाईंनी शांतपणे सांगितलं. मी हट्टालाच पेटले. हा माणूस वन्संना बघायला फिरकला नाही. चौकशीत म्हणाला, पट्टी कोणी लावली आठवत नाही. त्याला सुखाची झोप लावून देणार का तुम्ही?

"मी कोणाला झोप देत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुठे दिली? तुम्हाला सगळं बोलावं लागलं."

"सगळ्यांनाच लागतं?"

"या उपचारात पळवाट नसते."

म्हणजे घाईसाहेब डोळे मिटून सांगणार: मी खिशातून पट्टी काढतोय. दातांनी तोडतोय. बटणावर लावतोय. मग रोज घरी बसून, स्वतःच्याच आवाजात, ते ऐकणार. चौकशीवाल्यांना इतकी शिक्षा सुचली नसती.

माझं सांगणं संपवून बाहेर आले, तर घाईसाहेब उठून दाराकडे निघालेले. चेहरा आमच्या चादरींसारखा पांढरा. मी आडवी उभी राहिले.

वन्सं कशा आहेत, असं काहीतरी पुटपुटले.

"त्यांचं नंतर. आधी बसा."

आज जमणार नाही, पुढच्या आठवड्यात येतो, म्हणाले.

"आज काही घाई नाही, साहेब."

ते बसले. मीही शेजारी बसले, पुकारा होईपर्यंत. मग दारापर्यंत सोडायला गेले, पाहुण्याला सोडतात तशी.

"पट्टीपासून सुरू करा," म्हटलं आणि दार बाहेरून ओढून घेतलं.