दुसऱ्या वर्गाला कोण जाणार

आमच्या धुलाई संस्थेच्या कचेरीत, दारासमोरच्या भिंतीवर, प्रशिक्षणाचे फोटो ओळीने लावले आहेत. सगळ्या धुलाई संस्थांच्या महासंघाच्या केंद्रात वर्ग संपला की सगळ्यांना पायऱ्यांवर उभं करून फोटो काढतात. प्रत्येक फोटोत आमच्या संस्थेचं एक माणूस आहे, आणि प्रत्येक फोटोत ते वेगळं आहे. बाकीच्या संस्थांची माणसं मात्र तीच. आधीच्या फोटोत ती कडेला बुजून उभी असतात, पुढच्यात मध्ये येतात, नंतर खुर्चीत बसलेली दिसतात. आमचं माणूस कायम कडेला.

याला कारण आमचा नंबराचा नियम. संस्था नवी होती तेव्हाच्या अध्यक्षाने प्रत्येक वर्गाला आपल्या भाच्यालाच पाठवलं. भाचा शिकला, आणि शिकून झाल्यावर दुसरीकडे नोकरीला लागला. सभासद असे काही खवळले की त्यांनी ठरवूनच टाकलं, यापुढे प्रशिक्षणाला जायचं ते नंबराने. ज्या क्रमाने सभासद झाले त्या क्रमाने जायचं, जाऊन आलं की रांगेच्या शेवटी उभं राहायचं. आणि हा नियम एकदा जरी बाजूला ठेवायचा झाला, तरी भर सभेत एकाचीही हरकत असता कामा नये. गाठोडी उचलणाऱ्यापासून अध्यक्षापर्यंत सगळे सारखे. आम्हाला त्याचा अभिमान होता आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे.

फक्त ते वर्ग एकात एक अडकवलेले आहेत, हे आम्ही कधी मनावर घेतलं नाही. पहिल्या वर्गात शिकायचं आणि परत येऊन आपल्या कारखान्यात प्रयोग करायचा. तो प्रयोग घेऊन दुसऱ्या वर्गाला जायचं, इतर संस्थांच्या प्रयोगांशी ताडून बघायचा. तिसऱ्यात सगळ्यांनी मिळून एक पद्धत पक्की करायची. आमच्याकडून पहिल्याला एक जाई, दुसऱ्याला भलताच कुणी. तो बिचारा तिथे जाऊन काय करणार? दोन वेळा जेवायचा, कापडी पिशवी घ्यायचा आणि फोटोला उभा राहायचा.

माझी सून संस्थेतली सगळ्यात नवी सभासद. मुलगा जहाजावर असतो, वर्षाकाठी एकदा उगवतो. ही घरी बसून त्याची वाट बघणाऱ्यातली नाही. धुण्याच्या यंत्रांवर कामाला लागली आणि पहिल्या वर्गाचा नंबर तिला लागला. येताना तिने केंद्रातून एक लांबडं थर्मामीटर आणलं आणि दिसेल त्या पाण्यात ते बुडवायला लागली. लोकांनी तिचंच नाव थर्मामीटर ठेवलं. चहाचा कप पुढे करून म्हणायचे, बघ गं, पिण्यासारखा आहे का.

दवाखान्याच्या चादरी आम्ही उकळत्या पाण्यात, सोडा सढळ हाताने टाकून धुवायचो. चादर पांढरीशुभ्र निघायची, पण काही महिन्यांत अशी विरायची की धरून उभं राहिलं तर पलीकडचं माणूस दिसायचं. दवाखान्याची कुरकुर सुरू झाली होती. सुनेने पाणी कमी तापवून, सोडा मोजून, कपडे जास्त वेळ भिजत ठेवून बघितलं. धुतलेल्या चादरींचे तुकडे ती केंद्राकडे तपासायला पाठवायची, जंतू राहिले का म्हणून. राहिले असं उत्तर आलं की पुन्हा पहिल्यापासून. माझं काम मळके कपडे निवडायचं, तिचं यंत्र माझ्या टेबलाशेजारीच. ती स्वतःशी पुटपुटताना मला ऐकू यायचं. कधी कधी शिव्याही.

संध्याकाळी तिचा फोन चालायचा. नदीपलीकडच्या धुलाई संस्थेतली एक बाई तोच प्रयोग करत होती. एकदा फोन ठेवून सून मला म्हणाली, "बाबा, त्यांचं पाणी मऊ आहे, आपलं जड. त्यांचं माप आपल्याला लागू पडत नाही, आपलं त्यांना नाही. पण दोन्ही समोरासमोर मांडली ना, तर कुठल्याही पाण्याला चालेल असं माप निघेल. हे फोनवर होत नाही. दुसऱ्या वर्गातच होईल."

मग दुसऱ्या वर्गाचं बोलावणं आलं. नंबर फिरून पुन्हा जुन्या सभासदांवर आला होता. पहिला नंबर माझ्या बायकोचा.

ती इस्त्रीच्या टेबलावर आहे, संस्था निघाल्यापासून. तिच्या मागे पायलटचा नंबर. पायलट म्हणजे आमची कपड्यांची गाडी चालवणारा. आता नियम एकदाच बाजूला ठेवायचा तर प्रत्येकाला भेटून समजावणं आलं. ते काम मी अंगावर घेतलं. घडी घालणाऱ्या बायका लगेच कबूल झाल्या, बॉयलरवाला विचार करतो म्हणाला आणि विचार न करताच हो म्हणाला. पायलटने मात्र मला घाम फोडला. तीनदा गेलो, तीनदा त्याने तेच ऐकवलं, "काका, आज तुमच्या सुनेसाठी नियम वाकवा. उद्या तो कुणाच्या तरी भाच्यासाठी वाकेल. मग तुम्हीच माझ्याकडे येऊन रडाल."

बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त राग येत होता. ही सून असली तरी चादरी सगळ्यांच्या आहेत, असं मी त्याला सांगितलं. शेवटी तो म्हणाला की हात वर करणार नाही, पण सभाभर माझ्याकडेच बघत राहील. मी म्हटलं, बघ बाबा, पोटभर बघ.

सगळ्यांना विचारून झालं होतं. एकच माणूस राहिलं होतं, पण ते घरचंच. तिला काय विचारायचं, असं मी धरून चाललो.

सभा वाळवणीच्या खोलीत भरते, कारण तीच मोठी. वर दोऱ्यांवर उशांचे अभ्रे लटकत होते, खाली आम्ही. अध्यक्षीणबाईंनी विषय मांडला. अध्यक्षपदही आमच्याकडे नंबरानेच येतं, त्यामुळे बाई सहसा विषय लवकर संपवायच्या बेतात असतात. सुनेच्या प्रयोगाबद्दल त्या दोन शब्द चांगले बोलल्या आणि विचारलं, कुणाची हरकत आहे का. पायलट कबूल केल्याप्रमाणे माझ्याकडे टक लावून बघत होता. मग त्याची नजर हळूच बाजूला गेली, तशी सगळ्यांचीच गेली.

माझ्या बायकोचा हात वर होता.

अध्यक्षीणबाईंना वाटलं, तिला काही बोलायचं आहे. त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "बोलायचं काही नाही. हरकत आहे."

सभा तिथेच संपली. सुनेने माझ्याकडे बघितलं नाही, सासूकडेही नाही. उठली, यंत्रांच्या खोलीत गेली आणि आत रिकामं यंत्र फिरायला लागल्याचा आवाज आला.

घरी आल्यावर मी तोंड उघडलं. माझा आवाज चढला होता, हे मला कबूल करायला हवं. पोरीने एवढे दिवस जीव ओतला, घरच्याच माणसाने तिच्या पायात पाय घातला, जगाला काय तोंड दाखवायचं, असं बरंच. बायको भांडी आवरत होती. तिने मला संपू दिलं.

"मागच्या फेरीत माझा नंबर आला तेव्हा तुमची आई अंथरुणाला खिळली होती," ती म्हणाली. "मी सोडला. तुम्ही म्हणालात, पुढच्या वेळी जाशील. पुढची वेळ ही आहे. तुम्ही त्या पायलटच्या तीनदा पाया पडलात. माझ्याकडे एकदा तरी आलात?"

मी म्हटलं, "अगं, पण तू तिथे जाऊन करणार काय?"

हे बोलायला नको होतं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाली, "तेच करीन, जे आपले सगळे करून आले. कुणाला असं विचारलं होतंत?"

सून दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं. मला वाटलं, आता दोघींची जुंपणार. पण तिने बसकण मारली आणि सासूला विचारलं, "आई, तुम्हाला खरंच जायचंय? की नियमासाठी?" बायको म्हणाली, खरंच जायचंय. आयुष्यभर चादरी इस्त्री केल्या, त्या का फाटतात ते मला कुणी सांगितलं नाही. सुनेने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "मग मला तुमच्यावर रागावताही येत नाही. मी करू तरी काय?"

दुसऱ्या दिवसापासून ती सासूला शिकवायला बसली. दात-ओठ खात शिकवायची. बायकोला मापं ध्यानात राहायची, पण ती तशी का, हे विचारलं की गाडी अडायची. सून हात टेकायची, बाहेर जाऊन यायची, पुन्हा बसायची. मी मध्ये पडलो की दोघी मिळून मला गप्प करायच्या. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत असे.

अशात नदीपलीकडच्या बाईचा फोन आला. त्यांच्या संस्थेत यंत्रावर एक जागा मोकळी झाली होती, आणि त्यांच्यात वर्गाला कोण जाणार हे काम बघून ठरतं. ती म्हणाली, मला या वेळी जाता येत नाही, तू ये, आम्ही तुला दुसऱ्या वर्गाला पाठवतो. सुनेने आमच्याकडे राजीनामा दिला. अध्यक्षीणबाईंना फार वाईट वाटलं. पायलट मला आडोशाला घेऊन म्हणाला, "बघा, शिकली आणि गेली. मी काय सांगत होतो?" मला त्याच्या गाडीच्या काचा फोडाव्याशा वाटल्या. ती शिकली म्हणून गेली नव्हती. पुढचं शिकू दिलं नाही म्हणून गेली होती. पण हे त्याला पटवायचं तर आणखी तीनदा जावं लागलं असतं.

अशा रीतीने आमच्या एकाच घरातल्या दोघी, एकाच बसने, एकाच वर्गाला गेल्या. सासू आमच्या संस्थेकडून, सून परक्या संस्थेकडून. आमचा प्रयोग आमच्याच माणसाने मांडायचा, असा तिथला दंडक, म्हणून सुनेचा प्रयोग सासूने मांडला आणि सून समोर बसून ऐकत राहिली. बायकोने परत येऊन सांगितलं की पहिल्या प्रश्नाला तिची दातखीळ बसली. सून जागेवर हात चोळत होती, पण बोलू शकत नव्हती. शेवटी केंद्रातल्या शिक्षिकेने दोघींना एका बाकावर बसवलं, तुमचं जड पाणी आणि त्यांचं मऊ पाणी, घाला एकत्र म्हणाली. तिथून काम सुरू झालं. ते अर्धं झालंय, बाकीचं तिसऱ्या वर्गात.

हे सांगताना बायको थांबायचं नाव घेत नव्हती. चादरीच्या धाग्यात सोडा कसा राहून जातो आणि तो इस्त्रीच्या उष्णतेने कसा धागा खातो, हे तिने मला जेवताना समजावलं, झोपेपर्यंत समजावलं. म्हणजे तिच्या इस्त्रीचाही त्यात हात होता. ते तिला फार लागलं होतं, आणि आता ते नीट करून दाखवायची तिला घाई झाली होती.

यंत्रांवर तोवर नवा माणूस आला. तो सोडा सढळ हाताने टाकतो. बायको रोज जाऊन त्याला बोलते, तो रोज हो म्हणतो.

तिसऱ्या वर्गाचं बोलावणं आलं तेव्हा मी सभेआधीच तिला विचारलं, या वेळी लोकांना भेटू का. ती म्हणाली, नको. मी हात वर केला तो नियमावर बोट ठेवून. आता माझ्यासाठी तो बाजूला ठेवा म्हणू? कुठल्या तोंडाने? मी म्हटलं, तोंडाचं राहू दे, चादरींचं बघ. सभेत पायलटचा नंबर जाहीर झाला. बायको मान खाली घालून बसली आणि मी तिच्याकडे बघत राहिलो. हात कुणीच वर केला नाही, मीही नाही.

काल दुपारी इस्त्रीच्या खोलीत गेलो. बायको पायलटच्या पँटला इस्त्री करत होती, वर्गाला घालून जायची म्हणून त्याने आणून दिली होती. तो शेजारी उभा होता आणि ती त्याला धाग्यात राहिलेल्या सोड्याबद्दल सांगत होती. तो मान डोलवत होता. तिने विचारलं, कळलं का? तो म्हणाला, "वहिनी, घडी जरा धारदार येऊ द्या. फोटो काढतात तिथे."

तिने इस्त्री उचलली, पाण्याचा शिपका मारला आणि घडीवरून पुन्हा एकदा फिरवली.