चौथ्या सिलिंडरचं पाणी

मी मानसिंग. फौजेच्या वर्कशॉपात पंधरा वर्षं जीपा खोलल्या आन् जोडल्या, मग साताऱ्यात गॅरेज टाकलं. माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं की माझं डोस्कंच फिरायचं. त्र्याहत्तर सालापातुर तसं कुणी ठेवलंबी न्हवतं.

त्या साली मेढ्याच्या आप्पासोंची जीप माझ्या मानगुटीवर बसली. फौजेच्या लिलावातली, रांगडी गाडी, डोंगरात कुठंबी चढायची. पर दर तीन-चार म्हैन्यांनी हेडचं गॅस्केट, म्हंजी इंजिनाच्या वरल्या झाकणाखालची चकती, जळायचं. आन् जळायचं ते बरोब्बर चौथ्या, मागल्या सिलिंडरपाशी. मी नवं गॅस्केट टाकलं, हेड घासून सपाट केलं, रेडिएटर धुतला, पाण्याचा पंप बदलला. गाडी ठणठणीत जायची आन् ट्रकला बांधून परत यायची. मी आप्पासोंवरच खेकसायचो, "तुमालाच चालवाय येत न्हाई!"

चौथ्यांदा जीप आली तवा चौऱ्याहत्तर लागलं हुतं. आप्पासोंसंगं एक बाई उतरल्या. चंद्राबाई, मेढ्याच्या वरच्या वाडीतल्या. मागल्या साली त्यांची सून विजयमाला बाळंतपणात अडली हुती. ह्याच जीपनं दवाखान्यात नेत हुते. गॅस्केट जळलं, गाडी घाटात बंद पडली. पोर गेलं. गॅस्केट माझ्या हातचं हुतं. मी खेकसतो म्हणून आप्पासोंनी कवा सांगितलंच न्हवतं, ते त्या दिशी सांगितलं.

मला वाटलं, बाई आता तोंडावर थुंकणार. पर त्या शांतपणी म्हणाल्या, "फौजी, सुनंला पुन्यांदा दिस गेल्यात. म्हैन्याभरात मोकळी व्हईल. वाडीवर दुसरी गाडी चढत न्हाई. खरं सांगा, ही जीप पोचंल का?"

मी पाना उचलला. हेड खोललं. चंद्राबाई शेजारीच उकिडव्या बसल्या.

"सारखं शेवटालाच का जळतंय वं?" त्यांनी इचारलं.

"ते कळलं असतं तर हितं डोस्कं धरून बसलो असतो व्हय!" मी वसकलो.

"आन् ह्याला गार कोण करतंय?"

"पाणी. पंप म्होरं हाय, तिथनं मागं जातंय."

"आवं, मग पाट मधीच फुटला असंल की!" बाई म्हणाल्या. "माझं म्हायेर सांगलीकडं, कृष्णाकाठी. ल्हानपण उसाला दारं धरण्यात गेलं. पाट मधी फुटला की पाणी म्होरल्याच सऱ्यांत मुरतंय आन् शेवटल्या सरीतला ऊस जळतोय. तवा आमी शेवटली सरी बघत बसत न्हाई. पाटाच्या कडंनं चालत येतो."

इंजिनात खराच एक पाट हाय! पंपाच्या मागं, इंजिनाच्या लोखंडी ब्लॉकच्या पोटात पत्र्याची लांब चपटी नळी असती, दर सिलिंडरपाशी तिला भोकं. पंप बदलताना तिचं तोंड मी बघितलं हुतं. तोंड साफ दिसलं, म्हणून नळी कवा वढून बघितली न्हाई. मी मोठा फौजी!

पंप काढला, आकडा घालून नळी वढली. तासाभरानं आली, ती दोन तुकड्यांत. दुसऱ्या भोकाच्या मागं गंजून फाटली हुती, मागला सगळा तुकडा गंजानं गच्च भरल्याला. पाणी पहिल्या दोन सिलिंडरांतच सांडायचं. मी नळीकडं बघायचो आन् बाईंकडं बघायचो. जिनं जल्मात इंजिन उघडल्यालं बघितलं न्हवतं, तिनं भुईवर बसून लोखंडाच्या पोटातलं सांगितलं. मी हात जोडलं.

"आक्का, माझी पंधरा वर्षं तुमच्या म्होरं कायबी न्हाईत."

"ते ऱ्हाऊ द्या. आदी नळी करा."

तांबटाकडनं पितळंचा पत्रा आणून नवी नळी केली. म्हैन्यानं वाडीवरनं निरोप आला, तवा जीप मी सोता चालवली. ज्या वळणावर मागल्या साली गाडी थांबली हुती, तिथं चंद्राबाईंनी सुनंचा हात घट्ट धरला. इंजिन चढत ऱ्हायलं.

साताऱ्यात दवाखान्यात दिवस मावळायच्या आत पोरगी झाली. चंद्राबाई बाळ घेऊन व्हरांड्यात आल्या, त्या थेट माझ्याकडं. मी मागं सरलो.

"आक्का, हात काळं हायत माझं."

"असू द्यात काळं," त्या म्हणाल्या, "शेवटापातुर पाणी त्यांनीच पोचवलंय."

आन् पोर माझ्या हातात दिली. आप्पासो, नर्सबाई, सगळी बघत हुती, पर मी तिथंच ढसाढसा रडलो.