काटेबाईंची फेरतपासणी

"बाई, राग मानू नका, पण तुम्ही ठरलेल्या लहरीपासून सत्तर हर्ट्झ खाली सरकलाय," हौशी रेडिओ क्लबचा सेक्रेटरी फोनवर म्हणाला. "क्लबातल्या पाच-सहा जणांच्या रेडिओवर तसंच दिसतंय. उद्यापासून सकाळची हजेरी मी घेतो. तुम्ही आता आराम करा."

आराम म्हटल्याबरोबर काटेबाईंचं डोकं फिरलं. अकरा वर्षं त्या रोज सकाळी सातला रेडिओवरून वीस जणांची हजेरी घेत होत्या. जो बोलला नाही त्याच्या घरी लगेच फोन करत. अशानेच एकदा हजेरीतला, एकटा राहणारा म्हातारा घड्याळजी न्हाणीघरात पडलेला सापडला आणि वाचला. नवरा गेला त्या आठवड्यातही बाईंनी हजेरी चुकवली नव्हती. ती गेली तर सकाळी उठायचं कशाला, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

"त्या पाच-सहा जणांचे रेडिओ कुणी तपासलेत?" त्यांनी विचारलं. सगळ्यांचं एकच दाखवतंय, मग तपासायचं काय, असं काहीतरी पुटपुटून सेक्रेटरीने फोन ठेवला.

काटेबाई हे नाव त्यांना उगाच पडलं नव्हतं. एकतीस वर्षं त्या वजनमापं खात्यात निरीक्षक होत्या. दुकानदार म्हणायचे, शेजारच्या काट्याशी ताडून बघा, बरोबर भरतंय. बाई म्हणायच्या, शेजारचा काय हरिश्चंद्र लागून गेलाय? आणि पिशवीतून खात्याचं पितळी प्रमाण वजन काढायच्या.

"ताई, सोड ना," त्यांच्याकडे राहणारी धाकटी बहीण म्हणाली. "वीस तर डोकी. कुणीही मोजेल."

"मग अकरा वर्षं कुणी का नाही मोजली?"

बाईंनी रेडिओ तासभर नुसता चालू ठेवला. गार रेडिओच्या आतला, लहर ठरवणारा क्रिस्टल लटपटतो, त्यावर मोजमाप करणं म्हणजे हलत्या गाडीत काटा लावणं. मग त्यांनी बरोबर दहा मेगाहर्ट्झवर अचूक वेळेचे ठोके देणारं सरकारी केंद्र लावलं. ते रेडिओवाल्यांचं प्रमाण वजन. त्यांचा रेडिओ निम्मा डब्यात आणि निम्मा संगणकात. कानाची गरज नाही, केंद्राचा सूर पडद्यावर उभी रेघ होऊन दिसतो. रेघ दहावर हवी होती. ती दहाच्या शंभर हर्ट्झ वर उभी होती.

दहावर शंभर, म्हणजे हजेरीच्या सात मेगाहर्ट्झवर सत्तर. इथे रेघ वर दिसते, म्हणजे बोलताना आपण तेवढे खाली जातो. मेला सेक्रेटरी बरोबर होता.

त्यांनी वही उघडली. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच हा फरक मोजला होता आणि संगणकात दुरुस्तीचा आकडा टाकला होता. तेव्हा फरक होता पन्नास. आज शंभर, बरोबर दुप्पट. बाई वहीकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला. अधिकच्या जागी उणे टाकलं होतं. चूक पुसण्याऐवजी तेवढीच आणखी चढवली होती.

चिन्ह चुकतं, माणूस आहे. पण आकडा टाकल्यावर त्यांनी पुन्हा मोजलंच नव्हतं. दुरुस्त केलेल्या काट्याला फेरतपासणीशिवाय शिक्का मिळत नाही, म्हणून त्यांनी किती दुकानदारांना रडवलं होतं! त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. चिन्ह फिरवून त्यांनी रेघ तीनदा तपासली. दहावर, हलली तर हर्ट्झभर.

आता गुपचूप बसता आलं असतं. पण गुपचूप बसणं बाईंच्या पत्रिकेतच नव्हतं.

सकाळी सातच्या ठोक्याला, सेक्रेटरीने तोंड उघडायच्या आत त्यांनी बटण दाबलं. "पहिली हजेरी माझी. मी सत्तर खाली होते. चिन्ह उलटं टाकलं आणि पुन्हा तपासलं नाही. काल दुरुस्त केलं, तीनदा तपासलं. आता ज्याला ही हजेरी माझ्याकडून काढून घ्यायची असेल, त्याने आधी स्वतःचा काटा दाखवावा. एकेकाने पाच सेकंद नुसता सूर द्या. सेक्रेटरीसाहेब, तुम्हीच सुरुवात करा."

पडद्यावर सेक्रेटरीची रेघ उमटली.

"तुम्ही चाळीस वर आहात," बाई म्हणाल्या.

"संध्याकाळी बघतो, बाई," सेक्रेटरी म्हणाला.

"बघा. उद्या सातला फेरतपासणी."

सेक्रेटरीचं उत्तर आलं, "बरं, बाई. सातला."

मग एकेक जण सूर देत गेला आणि बाई लिहीत गेल्या. नापास काट्यांसाठी त्या लाल शाई वापरत. पानावर सगळ्यात वरची लाल ओळ त्यांची स्वतःची होती. सतरा, अठरा, एकोणीस झाले. विसावा घड्याळजी. त्याला त्यांनी दोनदा हाक मारली. सूर आला नाही.

बाईंनी मान वर केली. धाकटी बहीण फोन घेऊन शेजारी उभी होती, घड्याळजीचा नंबर लावून.