टाकीवरच्या अलार्मचा राग

मित्रांनो, मी एक जुना वायरलेस अलार्म आहे, पाण्याच्या टाकीचा. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. मला राग आला आहे आणि तो गिळायची माझी तयारी नाही.

माझा जन्म ठाण्यात, नौपाड्यात झाला. दातांच्या दवाखान्याच्या वर मायाताईची दोन खोल्यांची कंपनी होती, 'सांगावा' नावाची. ती आणि सोल्डरिंग करणाऱ्या दोन मुली, एवढाच कारभार. माझा एक भाग टाकीत बसतो, दुसरा वॉचमनच्या केबिनमध्ये. मध्ये ना तार, ना इंटरनेट. टाकी भरली की वरून हाक येते, खाली मी बोंब मारतो आणि वॉचमन पंप बंद करतो. मायाताईने आधी बनवलेले सात डबे फुकट गेले. आठवा मी.

पैसे घातले कोपरच्या सीतारामकाकांनी. ते मायाच्या वडिलांचे जुने शेजारी, कारखान्यातून निवृत्त झालेले. फंडातली निम्मी रक्कम त्यांनी कंपनीत लावली. शेअरचा कागद प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून ते इमारतभर दाखवत फिरले. "आपल्या पोरीने बनवलेलं मशीन आहे, काय समजलात!"

मला त्यांच्याच सहा मजली इमारतीवर बसवलं. चार वर्षं उन्हात तापलो, कबुतरांनी डोक्यावर घाण केली, पण टाकी एकदाही वाहू दिली नाही. वॉचमन चांगदेव म्हणायचा, "साहेब ओरडले, पंप बंद करतो." मला ते फार आवडायचं.

मग एक मोठी कंपनी आली. गुळगुळीत पेटी, मोबाइलवर ॲप आणि पहिलं वर्ष फुकट! शेजारच्या सहा सोसायट्या आमच्याकडे बघून ठरवणार होत्या. त्या मिळाल्या तर 'सांगावा' तरणार, नाहीतर दुकान बंद. मायाताई स्वतः येऊन काकांना हे सांगून गेली होती.

वार्षिक सभा खाली पार्किंगमध्ये भरली. केबिन शेजारीच, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. सतरा हात माझ्या बाजूने, सतरा त्या पेटीच्या. आता अध्यक्षांचं मत उरलं, आणि अध्यक्ष होते सीतारामकाका. मागून कुणीतरी खोकलं. "काका, तुमचे पैसे आहेत ना हो त्यात?" बस, एवढंच. काकांनी हात वर केला, पेटीसाठी!

दुसऱ्या दिवशी मला उपटून काकांच्या घरी पिशवीत टाकलं. संध्याकाळी मायाताई आली.

"काका, तुम्हीच?"

"अगं, लोक म्हणाले असते, म्हातारा स्वतःचा माल सोसायटीच्या गळ्यात मारतोय. आजवर कुणाला बोट दाखवायला जागा दिली नाही मी."

"माल वाईट होता का, काका?"

आतून त्यांच्या पत्नी, भीमाबाई, कडाडल्या, "एका खोकल्याला घाबरलात! शेअरचा कागद मिरवताना नाही लाजलात, आणि हात वर करताना लाज आली?"

हे लोक याला प्रामाणिकपणा म्हणतात. मी भित्रेपणा म्हणतो. "यात माझे पैसे आहेत, आणि चार वर्षांत टाकी एकदाही वाहिली नाही," एवढी दोन वाक्यं उभं राहून बोलायला काय झालं होतं? दोन्ही खरीच होती की!

सहाही सोसायट्यांनी विचारलं, ज्याचे पैसे त्यालाच भरवसा नाही, तर हा अलार्म आम्ही का घ्यावा? तीन महिन्यांत नौपाड्याच्या खोल्या रिकाम्या झाल्या. मायाताई आता दुसऱ्याच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेते. फुकटचं वर्ष कधीच संपलं. पेटीचं भाडं दरमहा भरावं लागतं, आणि नेट गेलं की टाकी बघायला चांगदेव धापा टाकत सहा मजले चढतो.

मला भीमाबाईंनी भंगारात जाऊ दिलं नाही. न्हाणीघरातल्या ड्रमला बांधलं. रोज सकाळी काका नळ सोडतात, ड्रम भरला की मी ओरडतो. ते नळ बंद करतात, माझ्याकडे बघत मात्र नाहीत.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. माझं व्हायचं ते झालं. पण ज्याच्यावर विश्वास टाकलात, त्याचं नाव चारचौघांत घ्यायची वेळ आली तर मान खाली घालू नका.

काका, ड्रम भरला. ऐकू येतंय ना?