जुन्या डांबराला जागा मिळाली

मित्रांनो, मी एक जुना डांबरी रस्ता आहे. या नव्या, रुंद रस्त्याच्या पोटात मीच आहे. तुम्ही मला कोरा करकरीत समजता. समजा बापडे.

मला पहिल्यांदा अंथरले एका रोलरवाल्याने आणि त्याच्या बायकोने. पायांना गोणपाट गुंडाळून ती डांबरात घोळलेली वाफाळती खडी पसरायची आणि मागून तो रोलर फिरवायचा. काम संपल्यावर दोघांनी माझ्याच कडेला खोपटे उभारले.

"राहा की. तुम्हाला कोण उठवतंय?" मुकादम म्हणाला होता.

सुरुवातीला लोकांनी माझे तोंडभर कौतुक केले. मग कुणी नळासाठी खोदले, कुणी तारांसाठी. बुजवायला मात्र कोणी फिरकले नाही. शिव्या माझ्या वाट्याला आल्या. रोलरवाला वारला. त्याची बायको दारापुढचे खड्डे विटांच्या तुकड्यांनी भरत राहिली.

पुढे रस्ता रुंद करायचे ठरले. दातेरी यंत्राने मला खरवडून काढले आणि त्याच सकाळी तिचे घरही पाडले. बाहेर काढलेल्या भांड्यांपाशी ती बसून होती.

"या जुन्या डांबराचं काय करणार?" तिने कामावर देखरेख करणाऱ्या साहेबांना विचारले.

"तापवू, थोडं नवं मिसळू आणि इथंच घालू. जुनं झालं म्हणून काही टाकून द्यायचं नसतं, आजी."

"आणि माझं काय?"

साहेबांनी फोन कानाला लावला.

मला भट्टीत भाजले, नव्या डांबरात कालवले आणि पुन्हा अंथरले. उद्घाटनाला साहेब म्हणाले, "आम्ही इथलं काहीही वाया जाऊ दिलं नाही." टाळ्या पडल्या.

काही दिवसांनी ती आली. लेकीने तिला आपल्या घरी जिन्याखाली खाट टाकून दिली होती. आपले दार कुठे होते, ते ती शोधत राहिली. सापडेना, तेव्हा दमून माझ्या कडेला टेकली. लगेच नव्या रस्त्यावर नेमलेला रखवालदार आला.

"आजी, इथं बसायचं नाही."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. पुन्हा काही ती दिसली नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मला पुन्हा तापवायला कोणीतरी येईलच. पण कडेला टेकलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठवण्याआधी, ते आता जाणार कुठे, एवढे तरी विचारा. आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबा.